उभयचर वाहने

जमिनीवर चाकांच्या किंवा साखळीपट्ट्यांच्या साहाय्याने आणि पाण्यात तरंगत, अशा दोन्ही प्रकारे स्वतःच्या एंजिनाच्या शक्तीने प्रवास करू शकणारी वाहने. बेडकासारखे प्राणी पाण्यात व जमिनीवर दोन्हीकडे वावरतात, त्यावरून या वाहनांना हे नाव पडले. मोटारगाडी, मालमोटार, रणगाडा, सैनिकवाहू चिलखती गाडी व लहान बहुचाकी गाडी अशा अनेक रूपांत ती आढळतात. उथळ पाण्यातून तळावर चाके टेकवून जाणाऱ्या गाड्या, हवेच्या उशीवर चालणारे हॉव्हरक्राफ्ट आणि पाण्यावर उतरणारी विमाने यांचा अंतर्भाव सामान्यतः या वर्गात करीत नाहीत.

या वाहनांचे मुख्य प्रयोजन काठाशी निगडित आहे. नेहमीच्या वाहतुकीत पाण्याच्या काठाशी आले की माणसे व माल एका वाहनातून उतरवून दुसऱ्यात चढवावा लागतो. त्यासाठी धक्का, यारी, मजूर व वेळ यांची गरज असते. उभयचर वाहन हा चढउतार टाळते. मात्र त्याचे मोल रस्त्यावर व पाण्यात अशा दोन्ही ठिकाणी द्यावे लागते, कारण चांगल्या गाडीच्या व चांगल्या नावेच्या गरजा परस्परविरोधी आहेत.

तत्त्वे व रचना : तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूस सारते, या आर्किमिडीज यांच्या तत्त्वानुसार १,२०० किग्रॅ. वजनाच्या गाडीला तरंगण्यासाठी गोड्या पाण्यात १.२ घ. मी. पाणी बाजूस सारावे लागते. तिचा तळ सपाट, जलाभेद्य व ५ चौ. मी. क्षेत्रफळाचा असेल, तर हा तळ सु. २४ सेंमी. बुडाल्यावर ती तरंगू लागेल. यावरून तरंगणे ही मोठी कठीण गोष्ट नाही हे दिसते. किंबहुना साधी मोटारगाडीही पुराच्या पाण्यात काही काळ तरंगते. त्या वेळी तिच्या टायरांची रस्त्यावरील पकड सुटते आणि सुकाणू वा प्रचालक नसल्याने ती प्रवाहाबरोबर वाहून जाते. पावसाळ्यात पाण्याखाली गेलेल्या फरशी पुलांवरून गाडी घालण्यातील मुख्य धोका हाच होय.

तरंगत राहणे, तोल सांभाळणे व इष्ट दिशेने जाणे या तीन गोष्टींसाठी मात्र खास रचना लागते. वाहनाचा खालचा भाग नावेप्रमाणे अखंड पत्र्याचा व जलाभेद्य करतात. चाकांचे आस व प्रचालकाचा दंड जेथे या पत्र्यातून बाहेर येतात, तेथे रबरी आवरणे व पाणीरोधक सील बसवितात. ही ठिकाणे या वाहनांचा सर्वांत नाजूक भाग असतात, कारण खडबडीत रस्त्यावरील हादरे सतत सोसूनही पाण्यात उतरताच त्यांनी एकही थेंब आत येऊ न देणे अपेक्षित असते. तरीही आत शिरणारे पाणी उपसण्यासाठी पंप ठेवतात. गुरुत्वमध्य शक्य तितका खाली राहावा म्हणून एंजिन व माल तळाशी ठेवतात. पाण्याच्या पृष्ठापासून वाहनाच्या काठापर्यंतची उंची पुरेशी नसेल, तर लहानशा लाटेनेही पाणी आत येते.

पाण्यात पुढे जाण्यासाठी तीन पद्धती वापरतात. पहिलीत चाके वा साखळीपट्टे फिरवूनच पाणी मागे लोटले जाते. ही रचना सर्वांत सोपी असून तीत वेग ताशी सु. ३ ते ७ किमी. इतकाच मिळतो. दुसरीत मळसूत्री प्रचालक वापरतात. जमिनीवर तो आपटू नये म्हणून वर उचलता येतो किंवा तळातील बोगद्यासारख्या खोलगट जागेत बसविलेला असतो. तिसरीत पंपाने पाणी आत ओढून त्याचा झोत जोराने मागे सोडतात व झोताची दिशा बदलून वाहन वळवितात. काही वाहनांत वेगळे सुकाणू नसून पुढची चाकेच सुकाणूचे काम करतात.

पाण्यातील वेगावर निसर्गाचेच एक बंधन आहे. तरंगणारे वाहन पुढे जाताना स्वतःभोवती लाटा निर्माण करते आणि ठराविक वेगानंतर स्वतःच उठविलेल्या लाटेवर चढण्याची वेळ त्याच्यावर येते. हा वेग वाहनाच्या पाण्यातील लांबीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. मीटरमधील लांबीच्या वर्गमूळास सु. ४.५ ने गुणले असता तो ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. चार मी. लांबीच्या मोटारगाडीसाठी तो सु. ९ किमी. व नऊ मी. लांबीच्या वाहनासाठी सु. १३.५ किमी. येतो. त्यापुढे वेग थोडा वाढविण्यासही फार मोठी शक्ती लागते. वेगवान मोटारनौका पाण्यावर उचलल्या जाऊन पृष्ठावरून घसरत जातात. परंतु उभयचर वाहनाची खाली लोंबणारी चाके व आस त्यास अडथळा करतात. म्हणून ती पाण्यात वर ओढून घेण्याची योजना करावी लागते व त्यामुळे वजन, किंमत आणि गुंतागुंत वाढते.

सर्वांत अवघड क्षण पाण्यातून बाहेर येण्याचा असतो. वाहनाचा काही भार अद्याप पाण्याने पेललेला असतो व पुढची चाके चिखलात वा भुसभुशीत वाळूत टेकलेली असतात. त्यामुळे पकड अपुरी पडते. अशा वेळी चाके व प्रचालक दोन्ही एकाच वेळी चालविता येणे आवश्यक असते. काठ उंच व तुटलेला असेल, तर उत्तम वाहनही पाण्यातच अडकून पडते.

इतिहास : स्वयंचलित उभयचर वाहनाचा पहिला प्रयत्न म्हणून ऑलिव्हर एव्हान्स या अमेरिकन संशोधकांच्या ‘ओरुक्टर अँफिबोलोस’ या यंत्राचा उल्लेख केला जातो. फिलाडेल्फिया शहराच्या आरोग्य मंडळासाठी १८०५ मध्ये त्यांनी बंदरातील गाळ काढणारी, वाफेवर चालणारी ही नाव तयार केली व कारखान्यातून नदीपर्यंत नेण्यासाठी तिला चाके जोडली. ती स्वतःच्या शक्तीने रस्त्यावरून व नदीतून गेली असे एव्हान्स यांनी पुढे लिहिले असले, तरी त्यास स्वतंत्र पुरावा नाही. या प्रकारच्या वाहनांचा खरा विकास अंतर्ज्वलन एंजिनानंतर व मुख्यत्वे दुसऱ्या महायुद्धात झाला.

त्या विकासातील एक महत्त्वाचा धागा मात्र युद्धातून नव्हे, तर आपद्ग्रस्तांच्या सुटकेच्या गरजेतून निघाला. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातील चक्रीवादळांनंतर दलदलीत अडकलेल्या लोकांपर्यंत नाव वा गाडी यांपैकी काहीच पोहोचू शकत नसे. ब्रुकलिन पूल बांधणाऱ्या घराण्यातील डॉनल्ड रोबलिंग यांनी १९३० नंतरच्या दशकात यासाठी ‘अ‍ॅलिगेटर’ नावाचे साखळीपट्ट्यांचे वाहन तयार केले. पट्ट्यांवर वल्ह्यांसारखी पाती असल्याने तेच पट्टे चिखलात पकड घेत व पाण्यात वल्ही मारीत. लाइफ  या नियतकालिकात १९३७ मध्ये आलेल्या त्याच्या छायाचित्रांमुळे अमेरिकेच्या मरीन दलाचे लक्ष त्याकडे गेले व त्यातून एलव्हीटी हे सैनिकी वाहन निर्माण झाले. युद्धकाळात अशी १८ हजारांहून अधिक वाहने बांधण्यात आली.

या वाहनाचे महत्त्व पॅसिफिक महासागरातील तारावा प्रवाळद्वीपावरील लढाईत (नोव्हेंबर १९४३) स्पष्ट झाले. तेथील बेटीओ बेटाभोवती प्रवाळाचा कट्टा आहे. हल्ल्याच्या दिवशी ओहोटीमुळे कट्ट्यावरील पाणी इतके उथळ राहिले की, सु. १.२ मी. खोल पाणी लागणाऱ्या नौका तेथेच अडकल्या. एलव्हीटी मात्र कट्ट्यावर चढून किनाऱ्यापर्यंत गेली. परंतु अशी वाहने फक्त १२५ होती. उरलेल्या सैनिकांना मशीनगनच्या माऱ्यात सु. ५०० मी. पाण्यातून चालत जावे लागले. तीन दिवसांच्या या लढाईत सु. १,००० अमेरिकन मरण पावले. त्यानंतर पॅसिफिकमधील प्रत्येक मोठ्या चढाईत या वाहनांची संख्या वाढविण्यात आली.

युरोपात व अन्यत्र सर्वाधिक यशस्वी ठरले ते ‘डक’ हे सहा चाकी वाहन. जनरल मोटर्स कंपनीच्या अडीच टनी मालमोटारीला नौकेसारखे कवच चढवून ते १९४२ मध्ये तयार करण्यात आले. त्याच्या रचनेत रॉड स्टीव्हन्स या नौकाअभिकल्पकांचा मोठा वाटा होता. आरंभी सैन्याने त्यात रस दाखविला नाही. परंतु मॅसॅचूसेट्स राज्यातील प्रॉव्हिन्सटाउन येथे प्रात्यक्षिक ठरलेले असतानाच तटरक्षक दलाची एक नौका वादळात वाळूच्या दांड्यावर अडकली. अन्य नौकांना जवळ जाता येत नव्हते, तेव्हा डकने जाऊन तिच्यावरील सात जणांना वाचविले. त्यानंतर या वाहनाचा स्वीकार झाला व २१ हजारांहून अधिक वाहने बनविण्यात आली. त्याची लांबी ९.४ मी., रस्त्यावरील वेग ताशी ८० किमी. व पाण्यातील वेग ताशी सु. १० किमी. होता. चालकाला बसल्या जागेवरून टायरांतील हवा कमीजास्त करता येत असे. वाळूत हवा कमी केली की टायर पसरून पकड वाढे व पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरली जाई. सिसिली (१९४३) व नॉर्मंडी (१९४४) येथे, बंदर हाती नसताना, जहाजांवरील दारूगोळा व अन्न थेट किनाऱ्यामागील साठ्यांपर्यंत नेण्याचे काम या वाहनांनी केले.

याच काळातील दोन लहान वाहनांची तुलना उद्बोधक आहे. जर्मनीतील फोक्सवॅगन ‘श्विमवॅगन’ ही सु. ९१० किग्रॅ. वजनाची हलकी गाडी होती. तिच्या पाठीमागे बिजागरीवर बसविलेला प्रचालक पाण्यात उतरण्यापूर्वी हाताने खाली करीत. त्यास उलटी गती देता येत नसल्याने मागे येण्यासाठी गाडीत वल्हे ठेवलेले असे. अशा १४ हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या. अमेरिकेतील फोर्ड जीपीए ही उभयचर जीप सु. १,२०० किग्रॅ. वजनाची असावी असे ठरले होते. प्रत्यक्षात ती सु. १,६०० किग्रॅ. झाली, पण तिच्या नौकाकार तळाचे आकारमान त्या मानाने वाढविले नाही. परिणामी तिचा काठ पाण्यापासून फार कमी उंच राहिला व किंचित खवळलेल्या पाण्यातही ती बुडण्याचा धोका निर्माण झाला. तिचे उत्पादन १९४३ मध्येच थांबले.

तात्पुरत्या साधनांनी उभयचर बनविलेल्या वाहनांच्या मर्यादा नॉर्मंडी येथेच दिसून आल्या. निकोलस स्ट्रॉस्लर यांनी शेर्मन रणगाड्याभोवती कॅनव्हासचा उंच पडदा उभारून तो तरंगता केला होता. शांत पाण्यात ही योजना यशस्वी ठरली. परंतु ६ जून १९४४ रोजी ओमाहा किनाऱ्यासमोर अमेरिकेच्या एका पलटणीने दूर समुद्रात उतरविलेल्या २९ रणगाड्यांपैकी २७ लाटांमुळे बुडाले.

युद्धोत्तर सैनिकी वाहने : युद्धानंतर नद्या-तलावांच्या प्रदेशांत पूल बांधण्याची वाट न पाहता पुढे जाता यावे, म्हणून सोव्हिएट संघाने तरंगत्या चिलखती वाहनांवर भर दिला. पीटी-७६ हा सु. १४ टनी रणगाडा जलझोताच्या साहाय्याने पाण्यात ताशी सु. १० किमी. वेगाने जाई. तरंगण्यासाठी वजन मर्यादित ठेवावे लागल्याने त्याचे चिलखत मात्र पातळ होते.

भारतीय सैन्याने हा रणगाडा १९७१ च्या बांगला देश मुक्तियुद्धात वापरला. पंजाबी सैनिकांनी तुपाच्या पिंपावरून त्यास ‘पिप्पा’ हे नाव दिले होते. जलमय भूमीवर गरीबपूरच्या लढाईत (२१ नोव्हेंबर १९७१) त्याने मोलाची कामगिरी केली. मेघना नदीपाशी मात्र वेगळाच प्रश्न उभा राहिला. हे रणगाडे सु. अर्धा तासच एंजिन न तापता सलग पोहू शकत होते, तर तेथील विस्तीर्ण पात्र ओलांडण्यास त्याच्या कितीतरी पट वेळ लागणार होता. तेव्हा त्यांना ओढून नेण्यासाठी स्थानिक नागरी नावांचे साहाय्य घेण्यात आले. पुढील काळात भारतात मेडक येथील कारखान्यात ‘सारथ’ (बीएमपी-२) या तरंगणाऱ्या सैनिकवाहू चिलखती वाहनाचे उत्पादन झाले. ते पाण्यात साखळीपट्ट्यांच्या साहाय्याने ताशी सु. ७ किमी. वेगाने जाते.

वेग वाढविण्याचा सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयत्न अमेरिकेच्या मरीन दलाने केला. त्याच्या नियोजित चढाई वाहनाचा पाण्यातील वेग ताशी सु. ४६ किमी. असावयाचा होता. त्यासाठी जमिनीवर ८५० अश्वशक्ती पुरेशी असलेल्या एंजिनाकडून पाण्यात सु. २,७०० अश्वशक्ती घ्यावी लागे. सु. ३०० कोटी डॉलर खर्च झाल्यावर २०११ मध्ये ही योजना रद्द करण्यात आली. १९७० नंतरच्या दशकापासून वापरात असलेले याच दलाचे जुने वाहन ३० जुलै २०२० रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ बुडून नऊ जण मरण पावले. त्यानंतर पाण्यातील नेहमीच्या कामांतून हा प्रकार काढून घेण्यात आला व त्याची जागा नव्या चाकी वाहनास देण्यात आली.

नागरी वाहने : घरातून निघून थेट तळ्यात उतरणारी मोटारगाडी ही कल्पना लोकांना सदैव आकर्षक वाटली आहे. तिचे सर्वांत प्रसिद्ध रूप म्हणजे हान्स ट्रिपेल यांनी अभिकल्पिलेली ‘अँफिकार’ ही जर्मन गाडी होय. १९६१–६५ या काळात तिच्या ३,८७८ गाड्या तयार झाल्या. पाण्यात ७ नॉट (ताशी सु. १३ किमी.) व रस्त्यावर ताशी ७० मैल (सु. ११३ किमी.) या वेगांवरून तिच्या नमुन्यास ‘७७०’ हा क्रमांक मिळाला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन आपल्या टेक्सासमधील शेतावर पाहुण्यांना तीत बसवीत व ब्रेक निकामी झाल्याचे ओरडत गाडी तलावात घालून त्यांची भंबेरी उडवीत. परंतु रस्त्यावर ती सामान्य मोटारीहून मंद, पाण्यात लहान मोटारनौकेहून मंद व किमतीने महाग होती. पाण्यातील वापरानंतर अनेक सांध्यांना वंगण द्यावे लागे व खाऱ्या पाण्याने पत्रा गंजे. अमेरिकेने १९६८ साली सुरक्षितता व प्रदूषण यांविषयी नवे नियम लागू केल्यावर तिची मुख्य बाजारपेठ बंद झाली.

उभयचर वाहनाने पृथ्वीप्रदक्षिणाही झाली आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्यात अभियंता म्हणून काम केलेले ऑस्ट्रेलियन बेन कार्लिन यांनी सुधारलेल्या फोर्ड जीपीए जीपमधून १९५० मध्ये अटलांटिक महासागर ओलांडला व १९५८ मध्ये प्रदक्षिणा पूर्ण केली. त्यांची ‘हाफ-सेफ’ ही गाडी ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जतन केलेली आहे. या प्रवासाने सुधारित वाहनाचा व चालकाचा चिवटपणा सिद्ध झाला. महासागर ओलांडण्यास असे वाहन सोयीचे आहे असे मात्र सिद्ध झाले नाही.

न्यूझीलंडचे उद्योगपती ॲलन गिब्ज यांच्या कंपनीने पाण्यात चाके वर घेणारी व जलझोतावर चालणारी ‘अ‍ॅक्वाडा’ ही गाडी तयार केली. तिचा पाण्यातील वेग ताशी ५० किमी. पर्यंत होता. जून २००४ मध्ये तिच्यातून रिचर्ड ब्रॅन्सन यांनी इंग्लिश खाडी सु. १ तास ४० मिनिटांत ओलांडली. वेगाचा प्रश्न असा बराचसा सुटला, तरी किमतीचा सुटला नाही व अशा थोड्याच गाड्या तयार झाल्या. याउलट कॅनडात १९६० नंतरच्या दशकात निघालेल्या सहा वा आठ फुगीर टायरांच्या लहान गाड्या वेगाची अपेक्षा न ठेवता दलदल, बर्फ व तळी असलेल्या प्रदेशांत उपयुक्त ठरल्या आहेत.

पर्यटन व सुरक्षितता : युद्धानंतर शिल्लक राहिलेली डक वाहने स्वस्तात विकली गेली व १९४६ पासून अमेरिकेत विस्कॉन्सिन डेल्स येथे पर्यटकांना फिरविण्यासाठी वापरात आली. पुढे ही प्रथा अनेक शहरांत पसरली. आरकॅन्सॉ राज्यातील हॉट स्प्रिंग्ज येथे १ मे १९९९ रोजी असे एक वाहन बुडून १३ जणांचा मृत्यू झाला. प्रचालकदंडाजवळील रबरी आवरण सुटून पाणी आत आले होते आणि वरच्या छतामुळे प्रवाशांना बाहेर पडता आले नाही. चौकशीनंतर, पाणी भरले तरी वाहन तरंगत राहील एवढी राखीव उत्प्लावकता त्यात असावी व छते काढावीत, अशा शिफारशी करण्यात आल्या. त्यांची सर्वत्र अंमलबजावणी झाली नाही. मिसूरी राज्यातील ब्रॅन्सनजवळील टेबल रॉक तलावात १९ जुलै २०१८ रोजी वादळाची सूचना मिळालेली असतानाही पाण्यात नेलेले वाहन लाटांनी बुडाले व त्यातील ३१ पैकी १७ जण मरण पावले. अमेरिकेत २०२२ मध्ये या शिफारशींना कायद्याचे स्वरूप मिळाले. भारतात पंजाबमधील हरीके येथे २०१६ मध्ये पर्यटकांसाठी उभयचर बस सुरू करण्यात आली. परंतु ती अल्पावधीतच बंद पडली.

व्यवहार्यता : वरील अनुभवांवरून या वाहनांच्या उपयुक्ततेच्या सीमा बऱ्याच स्पष्ट होतात. ओलांडण्याची जागा ठराविक व रहदारी नित्याची असेल, तेथे पूल किंवा फेरीबोट नेहमीच स्वस्त व सुरक्षित ठरते. रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळ-धोपावे येथील खाडीत किंवा गोव्यात मांडवी नदीत फेरीबोटी साध्या मोटारगाड्या अंगावर घेऊन पैलतीरी नेतात. तेथे प्रत्येक गाडीने स्वतः पोहण्याचे प्रयोजन उरत नाही. प्रवासाचा बहुतेक भाग पाण्यात असल्यास नौका, व जमिनीवर असल्यास साधी गाडीच सोयीची असते.

मात्र जेथे काठ कोठे असेल हे आधी सांगता येत नाही, धक्का नाही किंवा नष्ट झाला आहे, आणि चढउतारात गेलेल्या वेळाची किंमत जीवितात मोजावी लागते, तेथे या वाहनांना तोड नाही. सैनिकी चढाई, दलदलीतील सुटका व पूरनिवारण ही अशी क्षेत्रे होत. महाराष्ट्रात २००५ मध्ये मुंबईत व २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात आलेल्या पुरांत रस्ता कोठे संपतो व पाणी कोठे सुरू होते हे तासातासाला बदलत होते. अशा प्रसंगी कोरड्या रस्त्याने येऊन न थांबता पाण्यात जाणारे वाहन उपयोगी पडू शकते. तथापि अरुंद गल्ल्या, पाण्याखालचे कठडे व तारा, उघडी गटारे आणि नदीचा वेगवान प्रवाह यांपुढे ताशी आठ-दहा किमी. वेगाचे जड वाहन हतबल ठरण्याचा संभव असतो; म्हणून मदतकार्यात मालमोटारीतून नेता येणाऱ्या हलक्या रबरी मोटारनौकांवरच मुख्य भिस्त ठेवली जाते. उभयचर वाहन ठेवावयाचे झाल्यास मर्यादित भार, राखीव उत्प्लावकता, सीलांची नियमित तपासणी, प्रत्येक प्रवाशाच्या अंगावर जीवरक्षक जाकीट आणि खराब हवामानात पाण्यात न उतरण्याची शिस्त या गोष्टी त्याच्या एंजिनाइतक्याच आवश्यक आहेत.